महाग मुलखात पोटभर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत माझ्याआधी ज्ञानेश्वरीवर, नाट्यसंगीतावर आणि ओडिशातील मराठ्यांच्या राजवटीवर विद्वत्तापूर्ण भाषणे झाली. त्यांच्यामागून मी उभा आहे तो डाळभाताविषयी बोलायला. हा दोष सर्वस्वी माझा नाही. आम्ही उभयता नॉर्वेला जाऊन आलो हे कळल्यापासून या भुवनेश्वरातील आपल्या मंडळींनी मला फ्योर्डविषयी किंवा मध्यरात्रीच्या सूर्याविषयी फारसे विचारलेच नाही. प्रश्न एकच, ‘खायला काय मिळालं, आणि किती पडलं?’ तेव्हा कार्यवाहांनी विषय मागितला त्या वेळी मी म्हटले, याच प्रश्नाचे उत्तर एकदा सविस्तर देऊन टाकावे.

मी लेखापरीक्षण खात्यातला माणूस. एकोणतीस वर्षांची नोकरी, सहा बदल्या आणि मराठी विषय घेऊन मिळवलेली बी. ए.ची पदवी, एवढेच माझे भांडवल. हौसेखातर परदेशी जाण्याची माझी ऐपत नव्हती आणि वृत्तीही नव्हती. आमची कन्या २०२२ साली ऑस्लो विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी गेली आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये आम्ही तिला भेटायला गेलो, एवढेच त्या प्रवासाचे प्रयोजन.

तिला प्रवेश मिळाला तेव्हा तेथील सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांनाही शिक्षणशुल्क नव्हते. युरोपबाहेरून येणाऱ्यांवर ते २०२३ च्या शरद सत्रापासून बसले. परंतु शुल्क नसले तरी राहण्याखाण्याचा वर्षाचा खर्च हाताशी आहे, असे परवान्यासाठी दाखवावे लागते. ही रक्कम सव्वा लाख क्रोनांच्या घरात होती. एका क्रोनाला त्या काळी आठ रुपयांच्या आतबाहेर भाव, म्हणजे दहा लाख रुपये झाले. ते मी भविष्य निर्वाह निधीतून काढले. त्याचा अर्ज मी घरच्या टेबलावर भरला आणि तो भरताना कन्या समोर बसली होती. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचे सारे तिच्यातून निघाले.

दर रविवारी दूरध्वनीवर आमचा एक ठरलेला प्रश्न असे, ‘जेवलीस का?’ आणि तिचे ठरलेले उत्तर, ‘हो, जेवले.’ पुरावा पाहिल्याशिवाय नोंद मान्य करू नये, हा आमच्या खात्याचा पहिला धडा. तो मी एकोणतीस वर्षे कचेरीत पाळला आणि वर्षभर घरी विसरलो.

आम्ही पोहोचलो तो रविवार होता. नॉर्वेत किराणा मालाची मोठी दुकाने रविवारी बंद असतात, शंभर चौरस मीटरांहून लहान दुकानांना तेवढी मुभा असते. हे ठाऊक नसल्याने आमच्या सामानात मेतकूट, भाजणी आणि चटणी यांखेरीज काही नव्हते. दूध-मांसाचे पदार्थ युरोपबाहेरून आणण्यास तेथे बंदी आहे, म्हणून तुपातले लाडूही घरीच राहिले होते. साहजिकच संध्याकाळी एका साध्या उपाहारगृहात गेलो. तीन ताटे आणि नळाचे पाणी, एवढ्याचे देयक आले ६९० क्रोन. साडेपाच हजार रुपये! माझा घास घशात अडकला. कन्येने मात्र अर्धे ताट खाऊन उरलेले बांधून मागितले, ‘उद्याला होईल’ म्हणाली. मी मनात म्हटले, पोरगी काटकसर शिकली. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. त्या तिच्या मनगटाकडे पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या वसतिगृहावर गेलो. क्रिंगशो ही ऑस्लोच्या उत्तर टोकाला, सोंग्सवान नावाच्या तळ्याजवळ वसलेली विद्यार्थ्यांची वसाहत. सामाईक स्वयंपाकघरात प्रत्येकाचा एक कप्पा होता. सौभाग्यवतींनी तिचा कप्पा उघडला. आत नूडल्सची पाकिटे, रव्याचा अर्धा पुडा आणि तेथे सर्वत्र मिळणाऱ्या कोरड्या कुरकुरीत राईच्या चकत्यांचे एक पाकीट. डाळ नाही, तेल नाही, कांदा-बटाटाही नाही.

‘अगं, हे काय? दिवसभर खातेस तरी काय?’

‘सकाळी चहा घेते. दुपारी या दोन चकत्या. इथे सगळे दुपारी असंच कोरडं खातात, आई. रात्री काहीतरी करते.’

‘आणि नाही केलंस तर?’

तिने उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने माझ्याकडे न पाहता म्हणाली, ‘बाबा, दुकानात कशालाही हात लावला की मी आठाने गुणते. मग तुमचा तो फॉर्म आठवतो. मग वस्तू परत ठेवते.’

बंधुभगिनींनो, मी आजवर पुष्कळ हिशेब तपासले. पण माझ्याच बचतीवर असा आक्षेप कधी निघाला नव्हता. तिच्याकडून महिन्याला जी रक्कम शिल्लक राहत असे आणि जी मी कौतुकाने वहीत मांडत असे, ती काटकसर नव्हती. ती उपासमार होती.

त्यानंतरच्या बारा दिवसांत आम्ही तिघांनी मिळून त्या देशात स्वस्त आणि पोटभर कसे जेवावे याचा अभ्यास केला. त्यातले जे सर्वांच्या उपयोगी पडेल ते सांगतो.

पहिली गोष्ट, महाग नक्की काय आहे ते ओळखावे. नॉर्वेत माणसाचे श्रम महाग आहेत. रांधणाऱ्याला, वाढणाऱ्याला आणि भांडी घासणाऱ्यालाही तेथे सन्मानाने जगता येईल असे वेतन मिळते, आणि ते वाजवीच आहे. त्यात कराची भर. दुकानातून घेतलेल्या खाद्यपदार्थांवर १५ टक्के, तर उपाहारगृहात बसून खाल्ल्यास २५ टक्के. म्हणजे जेथे दुसऱ्याचा हात लागतो तेथे किंमत चढते. जेथे आपला हात लागतो तेथे ती उतरते. त्या रविवारच्या एका जेवणाच्या पैशांत आम्ही पुढे तिघांचे तीन दिवस सहज भागवले.

दुसरी गोष्ट, मुक्काम घेताना खोली लहान असली तरी चालेल, पण चूल हवी. आम्ही दोन माणसांची, चिमुकल्या स्वयंपाकघराची खोली भाड्याने घेतली होती. हॉटेलात उतरणाऱ्यांना सकाळची न्याहारी भाड्यातच मिळते आणि ती भरपूर असते; तेव्हा ती टाळून झोपून राहणे हा शुद्ध अपव्यय होय. काही हॉटेलांत न्याहारीच्या टेबलावरील पाव-चीज दुपारसाठी बांधून नेता येते. त्याचे वेगळे पैसे घेतात. ते देऊन उघडपणे न्यावे, खिशात लपवून नेऊ नये.

तिसरी गोष्ट बाजाराची. रेमा हजार, किवी अशी स्वस्त किराणा दुकाने तेथे जागोजागी आहेत. रेमाच्या नावातला ‘हजार’ हा पूर्वी तेथे हजारच जिनसा ठेवीत त्यावरून आला. कमी जिनसा, कमी नोकर, कमी भाव, असे हे गणित. दुकानाचा स्वतःच्या नावाचा साधा माल सर्वांत स्वस्त असतो आणि तो बहुधा खालच्या फळीवर असतो, म्हणून वाकावे लागते. प्रत्येक वस्तूच्या किमतीखाली किलोला किंवा लिटरला काय भाव पडतो तेही छापलेले असते. लेखापरीक्षकाला याहून मोठा आनंद कोणता! मोठा पुडा नेहमी स्वस्त असतोच असे नाही, हे मी त्या बारीक आकड्यांवरून तीनदा सिद्ध केले. मुदत संपत आलेल्या मालावर भाव उतरवल्याची चिठ्ठी लावतात, त्याच संध्याकाळी खायचा असेल तर तो खुशाल घ्यावा. पाणी विकत घेणे हा मूर्खपणा, कारण नळाचे पाणी उत्तम आहे. बाटली विकत घेतलीच तर तिच्यावर काही क्रोन अनामत असते आणि दुकानातील यंत्रात रिकामी बाटली टाकली की ती परत मिळते. सौभाग्यवतींनी हे खाते स्वतःकडे ठेवले होते आणि त्यात एका क्रोनाचीही तफावत आली नाही.

डाळ, तांदूळ, कणीक आणि मसाले यांसाठी आम्ही ग्रोनलान भागात गेलो. शहराच्या मध्यवर्ती स्थानकापासून चालत दहा मिनिटे. १९७० च्या सुमारापासून पाकिस्तानातून आणि मागाहून इतर देशांतून आलेल्या लोकांची तेथे दाट वस्ती आणि दुकाने. मसूर, हरभऱ्याची डाळ, कोथिंबिरीची जुडी, हिरव्या मिरच्या, सारे मिळाले, आणि भाजी मोठ्या दुकानांहून स्वस्त. मासे खाणाऱ्यांनी मासळीबाजाराच्या वाटेला न जाता किराणा दुकानातील गोठवलेले साधे मासे किंवा माशाच्या तयार वड्या घ्याव्यात. आमची मंडळी मालवणकडची. त्या वड्यांना त्यांनी प्रथम नाक मुरडले, आणि चिंचेच्या कालवणात सोडल्यावर दोनदा वाढून घेतले.

परंतु ही झाली जिनसांची गोष्ट. खरा धडा मिळाला तो त्या देशातील सामान्य माणसाच्या डब्याकडून.

तिसऱ्या दिवशी शहर पाहायला निघताना सौभाग्यवतींनी डबा भरला. दुपारी बंदरासमोर, नगरभवनाजवळच्या बाकावर बसलो खरे, पण माझा हात डब्याच्या झाकणावरच राहिला. आपल्यापैकी ज्यांनी परप्रांतात नोकऱ्या केल्या त्यांना हा संकोच ठाऊक आहे. पहिल्या बदलीच्या गावी माझ्या डब्यातल्या लसणाच्या चटणीच्या वासावरून कचेरीत हशा पिकला होता. त्यानंतर कित्येक महिने मी डबा जिन्याखाली उभ्याने खाल्ला. तोच संकोच तीस वर्षांनी ऑस्लोच्या बाकावर आड आला. इतक्यात शेजारच्या बाकावर उत्तम सूट घातलेले एक गृहस्थ येऊन बसले. त्यांनी पिशवीतून कागदाची पुडी काढली. पावाचे तीन काप, प्रत्येकावर चीज, आणि एकाचे दुसऱ्याला चिकटू नये म्हणून मध्ये पातळ कागद. शांतपणे खाल्ले, कागदाची घडी करून खिशात घातली आणि निघून गेले.

याला ते लोक ‘मातपाके’ म्हणतात, म्हणजे जेवणाची पुडी. शाळेतल्या मुलापासून मोठ्या हुद्द्यावरच्या अधिकाऱ्यापर्यंत असंख्य लोक ती घरून आणतात. त्या दोन कापांमधल्या कागदाला स्वतंत्र नाव आहे आणि तो दुकानात गठ्ठ्याने मिळतो. यावरूनच या प्रथेची मुळे किती खोल आहेत ते कळावे. १९३० च्या दशकात ऑस्लोच्या शाळांत कार्ल शोट्स या वैद्यकतज्ज्ञांच्या प्रयत्नाने मुलांना ‘ऑस्लो न्याहारी’ मिळू लागली. भरड पाव, चीज, दूध, फळ किंवा गाजर, असा न शिजवलेला पण सकस आहार. पुढे तसाच आहार घरून पुडीतून येऊ लागला.

आणि हे त्या श्रीमंतीचे फळ नव्हे, हे लक्षात घ्यावे. उत्तर समुद्रात एकोफिस्क येथे तेल सापडले ते १९६९ च्या अखेरीस. त्याआधी या चिमुकल्या देशातून सुमारे आठ लाख माणसे पोटासाठी अमेरिकेला गेली होती. पुडी त्या दिवसांची आहे. लिलेहामरच्या एका सुताराने, थोर ब्योर्कलुंड यांनी, रंध्यावरून कल्पना घेऊन चीजच्या पातळ चकत्या काढण्याचे हत्यार बनवले आणि १९२५ साली त्याचा एकस्वाधिकार घेतला. महाग वस्तू पातळ कापली की ती पुरते, हे ओळखणारा तो माणूस आपल्याच नात्यातला वाटतो. त्या हत्याराने कापतात ते तपकिरी चीज दुधाच्या निवळीला आटवून करतात. रंगाने आणि गोडसर खरपूस चवीने ते मला थेट साताऱ्याच्या कंदी पेढ्याच्या कुळातले वाटले. तेल आले, पैसा आला, पण पुडी गेली नाही आणि तिची लाजही कोणाला वाटली नाही.

त्या संध्याकाळी कन्येची चूक मला उमगली. तिने त्या लोकांचे अनुकरण केले होते, पण अर्धेच. तो गृहस्थ दुपारी तीन कोरडे काप खातो हे खरे. पण तो सकाळी पोटभर न्याहारी करून निघतो आणि चार-पाचच्या सुमारास घरी जाऊन गरम जेवण जेवतो. दुपारची पुडी हा दोन भरल्या वेळांमधला पूल आहे. आमच्या मुलीने पूल तेवढा उचलला आणि दोन्ही काठ सोडून दिले. मी तिला म्हटले, ‘बाळ, परक्या देशाची रीत घ्यायची तर सबंध घ्यावी. त्यांचं दुपारचं खाणं तुझं, आणि आपलं संध्याकाळचं जेवण कोणाचं?’

मग आम्ही दिवसाची नवी मांडणी केली. सकाळी ओट्सची दूध घालून लापशी किंवा उपमा; ओट हे तेथील अत्यंत स्वस्त धान्य. दुपारी डब्यात पोळीची गुंडाळी, उकडलेले अंडे, गाजर. पाच वाजता वरणभात आणि भाजी. रविवारी आठवड्याची डाळ भिजवायची, दोन भाज्या करून शीतकपाटात ठेवायच्या. दर वेळी आठाने गुणायचे नाही. आठवड्याला पाचशे क्रोन अन्नाचे, असे एकदा ठरवायचे आणि त्या पाचशेच्या आत मोकळ्या मनाने खर्च करायचे. आठाचा पाढा विमानात बसण्यापूर्वी एकदा म्हणावा आणि उतरताना तेथेच सोडावा.

या मांडणीवर आम्ही तिघे बर्गनलाही जाऊन आलो. ऑस्लो-बर्गन रेल्वे १९०९ साली पूर्ण झाली. वाटेत फिन्से हे स्थानक १२२२ मीटर उंचीवर आहे आणि ऑगस्टातही तेथून हिमनदी दिसते. साडेसहा-सात तासांच्या त्या प्रवासासाठी सौभाग्यवतींनी दशम्या केल्या होत्या. हिमनदीसमोर दशमी आणि चटणी! समोरच्या आजीबाईंनी आपली पुडी उघडली, आम्ही आमची. एक दशमी तिकडे गेली, तपकिरी चीज घातलेला एक काप इकडे आला. भाषेची अडचण पडली नाही.

आणखी एक आठवण सांगतो. नॉर्वेच्या पर्यटन संघाची, जो १८६८ साली स्थापन झाला, डोंगरांतून शेकडो विश्रामघरे आहेत. त्यांतल्या काहींत रखवालदार नसतो. सभासदाकडे किल्ली असते. आत कोठीत डबाबंद अन्न, पीठ, डाळी, बिस्किटे ठेवलेली असतात. आपण शिजवून खावे, काय घेतले ते लिहावे आणि पैसे भरावे. कन्येच्या मैत्रिणींबरोबर आम्ही अशा एका घरात एक रात्र राहिलो. मी सवयीने कोठीची यादी तपासली आणि मग शरमलो. तेथे तपासणारा कोणी नव्हता, म्हणूनच हिशेब चोख होता. शहराजवळच्या रानातही तसेच. तेथील १९५७ च्या कायद्याने मोकळ्या रानात कोणालाही हिंडता येते आणि रानफळे खुडता येतात. सोंग्सवानच्या काठी आम्ही दोन तासांत डबाभर निळी बोरे वेचली. सौभाग्यवतींनी त्यांचा साखर घालून मुरांबा केला. तोही फुकट, साखर वगळता.

आता समारोप करतो. आपल्या मंडळातील अनेक घरांची मुले आज परदेशात आहेत आणि ज्यांची नाहीत त्यांची उद्या जातील. आपण त्यांना लहानपणापासून काटकसर शिकवली आणि ती योग्यच शिकवली. पण काटकसरीला खालची एक सीमा असते, ती आपण त्यांना सांगितली आहे का? सरकारी अर्थसंकल्पात दोन प्रकारचे खर्च असतात. एक मतदानाला टाकला जातो. दुसरा ‘भारित खर्च’, म्हणजे एकत्रित निधीवर आधीच बांधलेला. त्यावर संसदेत चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. राष्ट्रपतींचे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन त्यात येते. निघताना मी कन्येच्या वहीत पहिल्या ओळीवर लिहून आलो, ‘अन्न : भारित खर्च.’ कपडे, सहली, पुस्तके यांवर तिने हवी तेवढी कात्री चालवावी. पहिल्या ओळीला हात लावायचा नाही.

त्यानंतर आमचा रविवारचा प्रश्नही बदलला. ‘जेवलीस का?’ याला ‘हो’ हे उत्तर फार सोपे असते. आता तिची आई विचारते, ‘काय जेवलीस? कप्पा दाखव.’ आणि ती दूरध्वनीच्या पडद्यावर कप्पा उघडून दाखवते. पहिल्या महिन्यात तांदूळ होते, डाळ होती, कांदे होते, आणि कोपऱ्यात निळ्या बोरांच्या मुरांब्याची निम्मी बाटली. त्या महिन्यात तिची शिल्लक जवळजवळ शून्य होती. मी ती वहीत मांडली आणि तिच्यापुढे, आयुष्यात प्रथमच, आनंदाने ‘आक्षेप नाही’ असे लिहिले.